सही करण्यापूर्वी : फ्रंट लोडिंग धुलाई यंत्राची घरगुती मांडणी

वस्तूची खरेदी आणि वस्तूची मांडणी या दोहोंना आपण सारखे महत्त्व देत नाही. धुलाई यंत्र घ्यावयाचे ठरले म्हणजे घरातील मंडळी दोन-तीन आठवडे दुकाने पालथी घालतात, किमती ताडून पाहतात, सहा किलोचे घ्यावे की आठ किलोचे याचा खल करतात. यंत्र घरी पोहोचले की मात्र कंपनीचा तंत्रज्ञ वीस-पंचवीस मिनिटांत ते जोडतो, कोणते बटण कशासाठी हे दाखवतो, कागदावर सही घेतो आणि पुढच्या घरी जातो. ते यंत्र दहा वर्षे निमूटपणे काम करणार की दुसऱ्याच वर्षी खडखडू लागणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी त्या वीस मिनिटांत होऊन गेलेला असतो.

प्रस्तुत लेखक अभियंता नव्हे. परंतु नोकरीनिमित्त निरनिराळ्या गावी बिऱ्हाड थाटावे लागले, की यंत्रासोबत आलेली पुस्तिका वाचण्याची सवय आपोआप लागते. त्या वाचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्राची जबाबदारी कंपनीची असली, तरी नळ, सांडपाण्याची वाट, विजेचा पॉइंट आणि जमीन या चार गोष्टी घराच्या, म्हणजेच आपल्या. तंत्रज्ञ बहुधा त्या आहेत तशा स्वीकारून यंत्र चालू करून देतो, आणि ‘मांडणी समाधानकारक’ या वाक्याखाली सही आपली असते. म्हणून या चार गोष्टी तपासणे हे यंत्र येण्यापूर्वीचे काम आहे.

यंत्राचा स्वभाव

फ्रंट लोडिंग यंत्रात ड्रम आडव्या आसावर फिरतो. कपडे वर उचलले जातात आणि थोड्याशा पाण्यात पुनःपुन्हा आपटले जातात. धोबीघाटावरील क्रियेचेच हे सौम्य रूप म्हणावयास हरकत नाही. पाणी कमी लागते आणि कपडे कमी झिजतात हे त्याचे गुण. त्याचा खरा स्वभाव दिसतो तो पिळण्याच्या वेळी. ड्रमचा व्यास ४८ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १२०० फेरे धरला, तर ड्रमच्या कडेला चिकटलेल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे ३८५ पट जोर येतो. म्हणजे एका अंगाला अर्धा किलोचा ओला टॉवेल जास्त झाला, तर तेथे जवळजवळ दोन क्विंटलांचा ओढा निर्माण होतो आणि तो सेकंदाला वीस वेळा दिशा बदलतो.

हा ओढा आवरण्यासाठी आतील टाकीला काँक्रीटची किंवा बिडाची वजने बांधलेली असतात. ती टाकी वरून स्प्रिंगांवर टांगलेली आणि खालून धक्का शोषणाऱ्या दांड्यांवर पेललेली असते. यंत्राचे वजन साठ-सत्तर किलो किंवा त्याहून अधिक भरते ते यामुळेच. दोन हमालांनी कुरकुर केली, तर त्यांना दोष देता येत नाही.

वाहतुकीचे बोल्ट

टांगलेली टाकी प्रवासात हिंदकळू नये म्हणून कारखान्यातच ती मागील बाजूने तीन-चार लांब बोल्टांनी जखडलेली असते. यंत्र चालू करण्यापूर्वी हे सर्व बोल्ट काढावेच लागतात. ते तसेच राहिले, तर पिळण्याच्या वेळचा सारा जोर स्प्रिंगांनी शोषला न जाता थेट पत्र्याच्या पेटीवर येतो, यंत्र जागेवरून चालू लागते, आणि पहिल्या काही मिनिटांतच बेअरिंगला किंवा टाकीला इजा पोहोचू शकते. काही वेळा दुकानदाराचा माणूस उत्साहाने यंत्र जोडून देतो आणि तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी येतो. ही मधली रात्रच धोक्याची. तंत्रज्ञ येईपर्यंत यंत्राला हात लावू नये.

बोल्ट निघाले की नाही हे ओळखणे सोपे आहे. दार उघडून ड्रमला हाताने हलकेच वर ढकलावे. तो पाळण्यासारखा झुलला पाहिजे. बोल्टांच्या छिद्रांवर सोबत दिलेली प्लॅस्टिकची झाकणे बसवून घ्यावीत. ती न बसवल्यास आवाज वाढतो आणि झुरळे-उंदरांना आयते दार मिळते. काढलेले बोल्ट थरमाकोलबरोबर कचऱ्यात जाऊ देऊ नयेत. एका पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून, ते पावती आणि पुस्तिकेसोबत ठेवावेत. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीत त्यांचे मोल किती, ते पुढे येईलच.

जागा आणि जमीन

पूर्ण आकाराच्या यंत्राची रुंदी साधारणपणे ६० सेंटिमीटर, उंची ८५ सेंटिमीटर, आणि खोली क्षमतेप्रमाणे ४५ ते ६५ सेंटिमीटर असते. खोलीत मागील नळ्यांसाठी थोडी जागा मिळवावी. आपल्याकडील स्वयंपाकघरातील ओट्याखाली, दगडाची जाडी वजा केल्यावर, एवढी उंची बहुधा उरत नाही. ओट्याखाली यंत्र बसवण्याचा बेत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी टेप लावून पाहावे. न्हाणीघराच्या दाराची रुंदीही मोजावी; चौकटीतून यंत्र आत जाते, पण आत गेल्यावर त्याचे गोल दार उघडावयास जागा राहत नाही, असे प्रसंग घडतात.

जमीन घट्ट, सपाट आणि कोरडी असावी. बाजारात मिळणारे चाकांचे स्टँड अर्धस्वयंचलित यंत्रांना ठीक. फ्रंट लोडिंग यंत्राला ते अजिबात मानवत नाही. ओल्या न्हाणीघरात यंत्र ठेवणे भागच असेल, तर गवंड्याकडून पक्का विटांचा ओटा बांधून घ्यावा. मात्र तो यंत्रापेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा असावा, नाहीतर एखाद्या दिवशी असंतुलित कपड्यांसह यंत्र कडेवर येऊन पोहोचेल. पुण्यातील जुने वाडे किंवा मुंबईतील लाकडी तुळयांच्या चाळी येथे जमीनच किंचित स्प्रिंगसारखी वागते. अशा घरी खोलीच्या मध्यापेक्षा भिंतीलगत, तुळईच्या टेकूजवळ यंत्र ठेवणे बरे, आणि पिळण्याचा वेग कमी ठेवणे त्याहून बरे.

त्यानंतर पाणसळ. यंत्राच्या माथ्यावर ती एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवून, खालचे चार पाय फिरवून यंत्र समतल करावे. पाण्याचा बुडबुडा मध्यावर आला म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक पायावर एक चेकनट असतो. तो यंत्राच्या तळाशी घट्ट आवळला नाही, तर कंपनाने पाय आपोआप फिरत राहतो आणि महिन्याभरात यंत्र पुन्हा लंगडू लागते. समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबून पाहावेत. यंत्र किंचितही डुलता कामा नये.

पाणी आत येताना

प्रत्येक पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. काही यंत्रांना ०.३ बार पुरतो, काहींना १ बार लागतो. हा आकडा कोणी वाचत नाही, आणि वाचला तरी त्याचा आपल्या गच्चीवरील टाकीशी संबंध जोडत नाही. हिशेब तसा सोपा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे १ बार असतो. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या नळापासून टाकीतील पाण्याची पातळी तीन-साडेतीन मीटर वर असेल, तर त्याला जेमतेम ०.३ बार मिळतो. चार मजले खाली राहणाऱ्यास त्याच टाकीतून दीड बारच्या आसपास मिळतो. तेव्हा एकाच इमारतीत एकाच कंपनीचे यंत्र एका घरी उत्तम चालते आणि दुसऱ्या घरी ‘पाणी येत नाही’ असा इशारा देऊन थांबते, यात यंत्राचा दोष नसतो.

खात्री करावयाची तर दहा लिटरची बादली आणि हातातले घड्याळ पुरे. यंत्रासाठी ठरवलेला नळ पूर्ण सोडावा. बादली सव्वा मिनिटात भरली, तर मिनिटाला आठ लिटर पाणी मिळते असे समजावे. अनेक यंत्रांची अपेक्षा एवढीच असते. तीन मिनिटे लागत असतील, तर आधी नळाची जाळी आणि जुना गंजलेला पाइप तपासावा, आणि तरीही भागत नसेल तर दाब वाढवणारा छोटा पंप बसवण्याचा विचार करावा. उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर उलट अडचण येते. तेथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे ना, हे सोसायटीकडे विचारावे.

नळ स्वतंत्र आणि आटे असलेला घ्यावा. साध्या नळाच्या तोंडावर चार स्क्रूंनी आवळून बसवण्याची जोडणी अजूनही सर्रास वापरली जाते. दाब वाढला की ती निसटते, आणि ती निसटते त्या वेळी घरात कोणी असेलच असे नाही. आट्याच्या जोडणीत रबरी वॉशर पाणी अडवतो. म्हणून हाताने घट्ट करून पान्याने किंचित आवळणे पुरेसे. जोर लावून प्लॅस्टिकचा नट फोडण्यात अर्थ नाही. धुणे संपल्यावर नळ बंद करावा, कारण तो चालू राहिल्यास आत जाणारी नळी दिवसरात्र दाबाखाली राहते. तिसऱ्या मजल्यावरील नळी फुटली की दुसऱ्या मजल्यावरील छत गळते आणि मग शेजारधर्माची परीक्षा सुरू होते.

पाणी बोअरचे आहे की नगरपालिकेचे, हेही विचारात घ्यावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. बंगळुरू, हैदराबाद यांसारख्या शहरांत अनेक सोसायट्या बोअर आणि टँकर यांवर अवलंबून असतात. कठीण पाण्याचा क्षार तापक कांडीवर साचतो, पाणी तापावयास वेळ लागतो आणि वीजबिल वाढते. अशा ठिकाणी क्षार काढणारी पूड ठरावीक काळाने वापरावी आणि नळीच्या तोंडाची बारीक जाळी मधूनमधून धुवावी.

पाणी बाहेर जाताना

मांडणीतील सर्वाधिक चुका येथे होतात. आपल्या न्हाणीघरात पाणी जाण्याची वाट जमिनीलगतच्या जाळीतून असते, त्यामुळे यंत्राची बाहेरची नळी सरळ जमिनीवर टाकून देण्याचा मोह होतो. परंतु नळीचे तोंड यंत्रातील पाण्याच्या पातळीखाली राहिले, तर आत आलेले पाणी आपोआप ओढले जाऊन वाहत राहते. यंत्र भरत राहते आणि भरतच नाही. पाण्याचा मीटर मात्र प्रामाणिकपणे फिरतो. म्हणून बहुतेक पुस्तिका नळी जमिनीपासून सुमारे ६० ते १०० सेंटिमीटर उंचीपर्यंत नेण्यास सांगतात. यंत्राच्या पाठीवरील आकड्यात नळी अडकवून, तेवढी उंची देऊन, मगच ती खाली जाळीकडे आणावी. त्याहून फार वर नेली, तर पंपाला पाणी चढवता येत नाही.

नळी भिंतीतील पाइपात सोडली असेल, तर तिच्याभोवती हवेला वाट राहू द्यावी. वास येतो म्हणून कापडाचा बोळा किंवा सिमेंट भरून ती हवाबंद केली, की वरील ओढ पुन्हा सुरू होते. वासावरचा उपाय पाण्याचा सापळा असलेली जाळी हा आहे.

साबणाचाही येथेच संबंध येतो. हाताने धुण्याच्या पुडीला भरपूर फेस येतो, आणि फ्रंट लोडिंग यंत्रात फेस हा शत्रू. तो कपड्यांचे आपटणे मऊ करतो आणि पंपाला अडथळा करतो. या यंत्रांसाठी असलेली कमी फेसाची पूड किंवा द्रव साबणच वापरावा.

वीज

या भागात जिवाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाणी तापवणारी कांडी साधारणपणे २००० वॅटची असते. २३० व्होल्टला भागले, तर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह होतो. सहा अँपिअरच्या लहान पॉइंटचे हे काम नव्हे. सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याला योग्य जाडीची तार आणि फलकावर त्याचा वेगळा एमसीबी असावा. एक्स्टेंशन बोर्डावर किंवा घरातील इन्व्हर्टरच्या लाइनवर यंत्र लावू नये. पॉइंट नळाच्या तुषारांपासून दूर आणि हाताला सहज येईल असा असावा, यंत्राच्या मागे दडलेला नको.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. प्लगची तिसरी पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड का असते? आत जाताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावी यासाठी. यंत्राचा पत्रा या पिनेमार्गे जमिनीशी जोडलेला असतो. आतील एखादी तार पत्र्याला लागली, तर प्रवाह माणसातून न जाता जमिनीत जावा, हा तिचा हेतू. धुलाई यंत्राजवळ आपण बहुधा अनवाणी, ओल्या फरशीवर आणि ओल्या हातांनी उभे असतो. फ्रीज किंवा पंखा यांच्याबाबत असे सहसा घडत नाही.

पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार अनेकदा ऐकू येते. यंत्राच्या विद्युत गाळणीतून अत्यल्प प्रवाह नेहमीच अर्थकडे जात असतो. अर्थिंग नसले, तर तो पत्र्यावर अडकतो आणि हाताला जाणवतो. म्हणजे झिणझिण्या बहुधा यंत्राच्या बिघाडापेक्षा घराचे अर्थिंग नसल्याची पहिली सूचना देतात. प्लग उलटा करून किंवा रबरी चप्पल घालून तिच्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे धोक्याची घंटा कापसात गुंडाळून ठेवणे होय.

परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून तपासणी करून घ्यावी. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये जितके व्होल्ट येतील, जवळजवळ तितकेच फेज आणि अर्थ यांमध्ये आले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये ते नगण्य, साधारणपणे दोन-तीन व्होल्टांच्या आत असावेत. येथे एका घातक पळवाटेची माहिती देणे आवश्यक वाटते. अर्थिंग नसलेल्या घरी काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ या दोन टोकांना तारेने जोडून देतात. मीटरवर आकडे सुरेख येतात आणि तंत्रज्ञही समाधानी होतो. पण मागे कोठे न्यूट्रल तुटला, तर संपूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. अशी जोडणी आढळल्यास ती तत्काळ काढून टाकावी आणि इमारतीचे अर्थिंग नीट होईपर्यंत यंत्र चालवू नये.

अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एमसीबी तारेचे रक्षण करतो, तर आरसीसीबी माणसाचे. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला, म्हणजेच वीज भलत्याच वाटेने निसटली, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. आमच्यासारखी रोज खाती जुळवणारी माणसे त्याचे तत्त्व चटकन समजू शकतात : नावे आणि जमा जुळले नाहीत तर व्यवहार बंद. त्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

पहिली धुलाई आणि सही

पहिली फेरी कपड्यांशिवाय, थोडा साबण घालून, ६० अंशांवर चालवावी. कारखान्यातील चाचणीचे पाणी आणि तेलाचा अंश निघून जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भरणे, तापणे, उपसणे आणि पिळणे या चारही क्रिया डोळ्यांसमोर घडतात. नळाचे जोड, यंत्राच्या पाठीवरील जोड आणि बाहेरच्या नळीचे तोंड यांवर कोरडा हात फिरवून पाहावा. संपूर्ण फेरी होईपर्यंत तंत्रज्ञ थांबत नाही, हे मान्य. परंतु पाणी भरणे, उपसणे आणि केवळ पिळण्याची छोटी फेरी एवढे त्याच्यादेखत अवश्य करून घ्यावे.

आजकाल सहीऐवजी मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला जातो. तो सांगितला की कंपनीच्या दफ्तरी काम पूर्ण झाल्याची नोंद होते. म्हणून काम होण्यापूर्वी तो देऊ नये, आणि देताना संदेश पूर्ण वाचावा. मांडणीच्या ओटीपीत रकमेचा उल्लेख असण्याचे कारण नाही. तसा उल्लेख आढळला, तर तो सांगू नये. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधण्याऐवजी पुस्तिकेतून किंवा पावतीवरून घ्यावा. बनावट सेवा क्रमांकांमुळे फसलेले ग्राहक शाखेत येतात, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. काही उणीव आढळल्यास मांडणीच्या अहवालावर ती स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी आणि त्या कागदाचे छायाचित्र घ्यावे. वाद पुढे गेलाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. खरेदी नाशिकला आणि बदली भोपाळला, अशा ग्राहकास ही मोठीच सोय आहे.

पैशांविषयी दोनच गोष्टी. यंत्राच्या किमतीत नळ, पॉइंट, आरसीसीबी, ओटा यांचा खर्च धरलेला नसतो. कर्जाची किंवा बचतीची रक्कम ठरवताना तो मिळवावा. ‘विनाखर्च हप्ता’ या शब्दांनी भुलू नये. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. अशा योजनांत व्याज सवलतीच्या रूपाने वळते केलेले असते, आणि क्रेडिट कार्डावरील हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. रोखीची सवलत किती, हे आधी विचारावे. घराचा विमा असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पाण्याच्या टाक्या आणि नळ्या फुटून होणारी हानी समाविष्ट आहे. तो विमा आपल्या मालमत्तेचा असल्याने खालच्या घरातील नुकसानीची भरपाई त्यातून होईल असे गृहीत धरू नये.

बदली झाल्यावर

बदलीचा आदेश आला की नळ बंद करून नळ्या सोडवाव्यात. यंत्राच्या पुढील बाजूस तळाशी जी गाळणी असते, ती उघडून राहिलेले पाणी परातीत काढून घ्यावे, आणि पिशवीतले ते बोल्ट मागून पुन्हा बसवावेत. बोल्टांशिवाय ट्रकमध्ये घातलेल्या यंत्राची टाकी रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्यागणिक पत्र्यावर आदळते. स्प्रिंगा निसटतात, दांड्या वाकतात. बोल्ट हरवलेच असतील, तर निघण्यापूर्वी पुरेसे दिवस राखून कंपनीच्या सेवा केंद्रातून त्याच प्रतिमानाचे मागवावेत. यंत्र उभेच न्यावे.

नव्या गावी दाब वेगळा, पाणी वेगळे, आणि भाड्याच्या घरातील अर्थिंगविषयी घरमालकाचे तोंडी आश्वासन एवढाच पुरावा. दिल्ली-लखनौकडे हिवाळ्यात नळाचे पाणी दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. १० अंशांपासून सुरुवात केली, तर जवळजवळ ०.९ युनिट लागते आणि फेरीही लांबते. घरभाड्याचा करार करतानाच सोळा अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि आट्याचा नळ यांची मागणी घरमालकाकडे लेखी करावी. सामान उतरल्यावर प्रथम वायरमनला बोलवावे, बोल्ट काढून पुन्हा त्याच पिशवीत ठेवावेत, आणि मगच प्लग लावावा.